‘मागच्या वेळी 280 होतं, आता 340 कसं?’ अ‍ॅक्रोमेगालीच्या पेशंटसाठी आमच्या लॅबकडून माहिती

वर लिहिलेला प्रश्न आमच्या काउंटरवर वारंवार येतो. रिपोर्ट हातात पडला की पेशंट घाबरतात, घरचे मशीनला दोष देतात, कुणी रात्रभर झोपत नाही. चौकशी केली की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. आधीचं आयजीएफ-1 (या आजारात वाढणारं हार्मोन, त्याची रक्ततपासणी) एका लॅबमध्ये केलेलं असतं आणि आताचं दुसरीकडे. मग पुन्हा सॅम्पल, पुन्हा फी आणि डॉक्टरांकडची अपॉइंटमेंट पुढे. हा त्रास टळावा म्हणून हे पत्रक लिहिलं आहे.

तुमचा आजार तुम्हाला माहीत आहे. पिट्युटरी ग्रंथीतली गाठ जास्त ग्रोथ हार्मोन सोडते, त्यामुळे यकृतातून आयजीएफ-1 जास्त बनतं, आणि अंगठी घट्ट होणं, चपलेचा नंबर वाढणं हे त्यातूनच होतं. ग्रोथ हार्मोन रक्तात लाटांसारखं येतं, काही मिनिटांत चढतं आणि उतरतं, म्हणून कधीही काढलेल्या एका सॅम्पलवरून फारसं कळत नाही. आयजीएफ-1 मात्र दिवसभर साधारण एका पातळीवर राहतं. आजार किती आटोक्यात आहे हे बघायला डॉक्टर तेच लिहून देतात ते यासाठी. त्याला उपाशीपोटी यावं लागत नाही. चहा-नाश्ता करून या.

आता मूळ मुद्दा. आयजीएफ-1 रक्तात एकटं फिरत नाही, त्याला धरून ठेवणारी प्रथिनं असतात. मोजण्याआधी ती बाजूला करावी लागतात आणि प्रत्येक कंपनीची त्याची रीत वेगळी आहे. आयजीएफ-1 ला पकडून मोजणारी अँटिबॉडीही (तपासणीतलं खास प्रथिन) वेगळी. बऱ्याच पद्धती आता जागतिक आरोग्य संघटनेच्या 02/254 या मानकाशी जुळवलेल्या आहेत, तरीही त्याच रक्ताचे दोन मशीनवर दोन आकडे येतात. यात कुणाची चूक नसते.

म्हणून आकड्याशेजारी छापलेली नॉर्मल रेंज वाचा. समजा, एका लॅबमध्ये 280 आलं आणि तिथे तुमच्या वयाची वरची मर्यादा 220 आहे. दुसरीकडे 340 आलं आणि तिथली मर्यादा 270 आहे. भागून पाहा, दोन्हीकडे मर्यादेच्या साधारण सव्वापट. आकड्यात साठचा फरक, पण आजार होता तिथेच आहे. डॉक्टरही रिपोर्ट बघताना हा ‘किती पट’चा हिशेब करतात. मात्र दोन लॅबमध्ये हा हिशेबही दरवेळी तंतोतंत जुळेल असं नाही. औषधाचा डोस वाढवायचा की कमी करायचा हे ज्यावर ठरतं, ते सगळे रिपोर्ट एकाच पद्धतीचे असलेले बरे.

आम्ही आयजीएफ-1 चं सॅम्पल नेहमी एकाच मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतो आणि रिपोर्टवर पद्धतीचं नाव छापतो. पद्धत बदलणार असेल तर आधी सांगतो. बाहेर याहून स्वस्त पॅकेज मिळतं, हे आम्हाला माहीत आहे. दर महिन्याला सगळ्यात स्वस्त जागा शोधून तिथे सॅम्पल पाठवलं तर आम्हालाही पैसे कमी करता येतील, पण मग तुमच्या फाईलमधला जुना रिपोर्ट नव्याशेजारी ठेवून काही कळणार नाही. आणि तुम्ही गेली दोन-तीन वर्षं दुसऱ्या लॅबमध्ये तपासत असाल, तर तिथेच चालू ठेवा. आमच्याकडे यायचंच असेल तर जुने रिपोर्ट आणा. पहिला रिपोर्ट नवी सुरुवात धरून आम्ही तक्ता करून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

वय नीट सांगा. आयजीएफ-1 ची मर्यादा वयाबरोबर उतरत जाते. आपल्याकडे शाळेत नाव घालताना 1 जून लावलेले कितीतरी जण आहेत. कागदावरचं वय आणि खरं वय यात दोन-चार वर्षांचा फरक असेल, तर काउंटरवर खरं वयही सांगा.

ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड या ग्रोथ हार्मोन कमी करणाऱ्या औषधाचं महिन्याचं इंजेक्शन चालू असेल, तर सॅम्पल शक्यतो पुढच्या इंजेक्शनच्या आधी, त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवस अलीकडे द्या. औषध अठ्ठावीस दिवस पुरतं का, हे तेव्हाच कळतं. इंजेक्शन घेऊन दुसऱ्या आठवड्यात आलात तर चित्र खऱ्यापेक्षा बरं दिसू शकतं. एवढं महागाचं औषध घेता, तर त्याची परीक्षा योग्य दिवशी झालेली बरी. ऑपरेशननंतर साधारण बारा आठवडे थांबा. आयजीएफ-1 सावकाश उतरतं आणि घाईत केलेला रिपोर्ट उगाच धास्ती लावतो.

इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, यकृताचा आजार, आटोक्यात नसलेला मधुमेह, नवरात्रात नऊ दिवस जवळपास काहीच न खाणं, यांनी आकडा खाली येतो. केस-नखांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिन काही मशीनवर गडबड करतं. यातलं काहीही असेल तर आधी सांगा, मनाने औषध बंद करू नका. पेग्विसोमंट (ग्रोथ हार्मोनचं काम अडवणारं औषध) चालू असलेल्यांनी ग्रोथ हार्मोन तपासायला सांगू नये. त्या औषधावर ते वाढतंच, बघायचं ते आयजीएफ-1.

75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली ग्रोथ हार्मोनची तपासणी वेगळी आहे. निरोगी माणसात साखर घेतल्यावर हे हार्मोन दबतं, अ‍ॅक्रोमेगालीत दबत नाही. तिला रात्रभर उपाशी राहून यावं लागतं आणि दोन तास बसून दर अर्ध्या तासाने रक्त द्यावं लागतं, म्हणून सकाळी लवकर या. मधुमेह असेल तर ती करावी का, हे डॉक्टरांनाच विचारा.

इंजेक्शनची तारीख आमच्याकडे लिहून ठेवलीत तर दोन दिवस आधी आम्ही फोन करू, आणि बाहेर पडणं जमत नसेल तर घरी येऊन सॅम्पल नेऊ.