कुत्र्याला सीबीडी: आराम पडला हे ठरवतं कोण?

म्हातारा लॅब्रेडॉर उठताना आधी पुढचे दोन पाय रोवतो, जरा थांबतो आणि मग मागचं अंग कसंबसं वर ओढतो. फरशी गुळगुळीत असली तर मागचे पाय फाकतात आणि बिचारा पुन्हा बसतो. हे रोज पाहणारा माणूस काहीही करून बघायला तयार होतो. नेहमीची वेदनाशामकं पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतील ही धास्ती असतेच. अशा वेळी ‘नैसर्गिक’ असं छापलेली सीबीडी तेलाची बाटली दिसली की हात आपसूक तिच्याकडे जातो. सांधेदुखीशिवाय फिट येणं, फटाक्यांची भीती, एकटं राहिल्यावरची घालमेल, खाज अशा तक्रारींवरही लोक ते देतात.

सीबीडी म्हणजे कॅनाबिडायॉल. गांजा ज्या वनस्पतीपासून मिळतो तिच्यातलंच, पण नशा न आणणारं रसायन. नशा आणतं ते टीएचसी. ते मेंदूतल्या ‘सीबी१’ नावाच्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या रसायन ओळखणाऱ्या जागांना, थेट चिकटतं. सीबीडी त्यांना फारसं चिकटत नाही. वेदना आणि दाह यांच्याशी संबंधित इतर ग्राहींवर त्याचा परिणाम होतो, असं मानलं जातं.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी सांध्यांची झीज झालेल्या कुत्र्यांना वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम सीबीडी दिवसातून दोनदा दिलं. मालकांच्या आणि डॉक्टरांच्या मते दुखणं कमी झालं. अभ्यासाला पैसा सीबीडी विकणाऱ्या एका कंपनीचा होता, हेही ध्यानात ठेवायला हवं. मग २०२१ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने असाच प्रयोग केला. तिथे चालीचं यंत्राने मोजमाप झालं, हालचालींची नोंद झाली, मालकांना प्रश्नही विचारले गेले. खऱ्या औषधात आणि सीबीडी नसलेल्या, तसंच दिसणाऱ्या खोट्या औषधात फरक सापडला नाही.

दोन्ही प्रयोग छोटे होते, त्यामुळे एकाने दुसऱ्याला खोडून काढलं असं म्हणता येणार नाही. पण मोजायचं कसं, हा इथला कळीचा प्रश्न आहे. कुत्र्याला तर आपण औषध घेतोय हे ठाऊकच नसतं, मग त्याच्यावर ‘प्लासिबो’चा, म्हणजे खोट्या औषधानेही बरं वाटण्याचा, परिणाम होईलच कसा? होतो, पण तो कुत्र्याला पाहणाऱ्या माणसावर. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंगडणाऱ्या, पण खोटं औषध मिळालेल्या कुत्र्यांना जमिनीत बसवलेल्या पट्टीवरून चालवलं गेलं. पंजा किती जोराने टेकतो हे अशी पट्टी मोजते. आकड्यांत सुधारणा नसतानाही सुमारे ४० टक्के वेळा मालकांना कुत्रा सुधारल्यासारखा वाटला. पशुवैद्यांचे डोळेही जवळपास तितकेच फसले. तेव्हा ‘आमच्याकडे तर फरक पडला’ हे सांगणारा खोटं बोलत नसतो; पण त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

फिट मोजणं त्या मानाने सोपं. २०१९ च्या एका प्रयोगात चालू औषधांच्या जोडीला सीबीडी दिल्यावर झटके मध्यकानुसार (मधल्या कुत्र्याचा आकडा धरून) ३३ टक्क्यांनी घटले. मात्र झटके निम्म्यावर आलेल्या कुत्र्यांचं प्रमाण सीबीडी आणि खोटं औषध अशा दोन्ही गटांत सारखंच होतं, आणि शेवटी हिशेबात धरलेले कुत्रे जेमतेम १६. माणसांमध्ये अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांवर शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे इथे आशेला जागा आहे. प्राण्यांसाठी मात्र त्या प्रशासनाने अजून कोणतंही सीबीडी मान्य केलेलं नाही. फटाक्यांच्या आवाजावर घेतलेल्या एका चाचणीत तर सीबीडीची बिस्किटं निष्प्रभ ठरली.

आता मात्रेचा हिशेब. कॉर्नेलच्या प्रमाणाने २० किलोच्या कुत्र्याला एका वेळी ४० मिलिग्रॅम लागतील. बाजारातल्या पुष्कळ बिस्किटांत पाच-दहा मिलिग्रॅमच असतात. म्हणजे अभ्यासाचा दाखला एका मात्रेचा आणि पोटात जाते दुसरीच. लेबलवरही भिस्त ठेवता येत नाही. २०१७ मध्ये माणसांसाठी ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तेव्हा फक्त २६ लेबलं बरोबर निघाली आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं.

टीएचसीचं प्रकरण कुत्र्यांच्या बाबतीत जास्त गंभीर आहे, कारण त्यांच्या तोल सांभाळणाऱ्या ‘लहान मेंदू’ या भागात (सेरेबेलम) सीबी१ ग्राही दाटीने असतात. तोल जातो, उभ्या उभ्या झोकांड्या जातात, लघवी ठिबकते, आवाजाने अंग दचकतं. असं दिसलं तर ‘झोपून उतरेल’ म्हणत न बसता थेट दवाखाना गाठावा. माणसांसाठीच्या गमीत (चघळायच्या सीबीडी गोळीत) झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा किंवा चॉकलेट असेल तर ती कुत्र्याला विषच.

शुद्ध सीबीडीने सुस्ती, जुलाब, उलटी होऊ शकते. प्रयोगांत वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज वाढणं. हे विकर (एन्झाइम) यकृताशी संबंधित. सीबीडीचा निचरा यकृतच करतं आणि इतर अनेक औषधांचाही, म्हणून फिटच्या गोळ्या किंवा वेदनाशामकं चालू असलेल्या कुत्र्याला ते गुपचूप देणं माझ्या मते सर्वांत वाईट. सुरू करण्याआधी यकृताची तपासणी करून घ्यावी, काही आठवड्यांनी पुन्हा. उठण्या-चालण्याचा व्हिडिओही आधीच काढून ठेवावा आणि नंतरचा त्याच जागी, त्याच वेळी. दोन्ही पाहायला द्यावेत अशा माणसाला, ज्याला कोणता आधीचा हे माहीत नाही. आणि तेल लागू पडतंय असं वाटलं तरी फिटची गोळी मनाने बंद करू नये. ती अचानक थांबवली तर झटक्यांची मालिका सुरू होऊन कुत्रा दगावू शकतो.