मेलेला झॉम्बी आणि जिवंत बाधित: पन्हाळ्यावर कोणापासून वाचाल?

कोल्हापुरात आमच्या कट्ट्यावर झॉम्बीपटांचा विषय निघाला की एक नियम हमखास ऐकू येतो. रखडत चालतो तो झॉम्बी, धावत अंगावर येतो तो बाधित, म्हणजे रोगाची लागण झालेला. नियम सुटसुटीत आहे, पण चुकीचा आहे. १९८५ च्या ‘द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’मधली मढी चक्क पळतात. ‘डॉन ऑफ द डेड’ २००४ मध्ये नव्याने निघाला, त्यातलीही जीव खाऊन धावतात आणि तरी ती मेलेलीच असतात. त्यामुळे पाय बघून काही कळत नाही. छातीकडे बघायचं. श्वास चालू असेल तर तो आजारी माणूस, थांबला असेल तर मढं. बाकी सगळे फरक इथूनच सुरू होतात.

मढ्यांची परंपरा आज आपण ओळखतो ती जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’पासूनची. त्याआधीचा झॉम्बी हैतीच्या लोकसमजुतीतला होता. मांत्रिकाने कबरीतून उठवून मळ्यावर राबवायला घेतलेला मुडदा. तो कोणाला खात नव्हता. रोमेरोने माणसं खाणारी मढी आणली. त्या सिनेमात ‘झॉम्बी’ हा शब्द एकदाही येत नाही, तरी आज झॉम्बी म्हटलं की तीच डोळ्यांसमोर येतात. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: तिथे उठून बसायला चावा लागत नाही. सुरुवातीलाच जॉनी कबरीच्या दगडावर डोकं आपटून मरतो आणि शेवटी मढ्यांच्या घोळक्यातून परत येतो. चाव्याने माणूस मरतो खरा, पण उठतो तो मेला म्हणून.

डॅनी बॉइलच्या २००२ च्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मध्ये कोणीच मरून उठत नाही. प्रयोगशाळेतल्या चिंपांझींमधून संतापाचा एक विषाणू सुटतो, रक्तातून आणि लाळेतून पसरतो आणि दहा-वीस सेकंदांत माणूस पिसाळतो. त्याचं हृदय चालू असतं, त्याला गोळी कुठेही लागली तरी तो मरू शकतो आणि मुख्य म्हणजे तो उपाशीही मरतो. त्यातला मेजर वेस्ट आपल्याच एका बाधित शिपायाला अंगणात साखळीने बांधून ठेवतो. या लोकांना भुकेने मरायला किती दिवस लागतात, हे त्याला बघायचं असतं. माझ्या मते अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात महत्त्वाचं दृश्य ते आहे. मढ्याला असं बांधून काहीच कळलं नसतं. रोमेरोच्या १९८५ च्या ‘डे ऑफ द डेड’मध्ये शास्त्रज्ञ सांगतोच, की ही मढी खातात पण पोषणासाठी नाही.

आता हे पन्हाळ्यावर लावून बघा. आमच्याकडे ‘झॉम्बी आले तर कुठं जायचं भावा?’ या प्रश्नाला एकच उत्तर असतं, गड. शहरापासून वीसेक किलोमीटर, तट शाबूत, पाण्याला विहिरी आणि तळी, धान्याला अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारं. खाली बाधित असतील तर उत्तर बरोबर आहे. दरवाजे लावायचे, पुरवून खायचं आणि वाट बघायची. काही आठवड्यांत खालचा वेढा आपोआप गळून पडेल.

मढ्यांचा वेढा मात्र तसा उठत नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेला वेढा मार्चपासून जुलैपर्यंत चालला. पावसाळा लागला की शत्रू निघून जाईल हा हिशोब चुकला. सिद्दी भर पावसात तसाच बसून राहिला आणि महाराजांना रात्रीच्या अंधारात विशाळगडाकडे निघावं लागलं. तरी सिद्दीच्या सैन्याला रसद लागत होती, झोप लागत होती, त्यांची नजर चुकवून गडावरून निसटता येत होतं. मढ्यांना यातलं काहीच लागत नाही. गडावर धान्य कितीही असो, संपणार आपलंच. म्हणून मढ्यांपुढे गड हा आसरा नाही, तिथून पुढे कुठे निघायचं ते आधी ठरवून ठेवलेलं असलं तरच त्याचा उपयोग.

पाण्याचंही तसंच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि कोल्हापूर तुटलं, हे आपण पाहिलंय. पंचगंगेचं तसं पाणी बाधितांना अडवेल, कारण श्वास घेणारा माणूस बुडतो. मढं बुडत नाही. रोमेरोच्याच २००५ च्या ‘लँड ऑफ द डेड’मध्ये नद्यांच्या भरवशावर सुरक्षित राहिलेल्या शहरात मढी नदीच्या तळातून चालत येतात.

मला यापेक्षाही जास्त लागतं ते निरोपाचं. ‘डॉन ऑफ द डेड’च्या मूळ १९७८ च्या सिनेमात रॉजरला चावा बसतो आणि तो हळूहळू मरतो. परत न उठण्याचा मी प्रयत्न करीन, असं तो पीटरला सांगून जातो. मित्र बंदूक घेऊन शेजारी बसून राहतो, कापड हलतं, आणि मग त्याला ते काम करावं लागतं. तिथे दुःखाला वेळ मिळतो आणि गोळी घातली जाते ती मित्राच्या प्रेताला. ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मधल्या फ्रँकच्या डोळ्यात वरून रक्ताचा एकच थेंब पडतो. मुलगी हॅना समोर असते. तिच्यावर आपलं प्रेम आहे, एवढं सांगून तिला दूर ढकलायला त्याला जेमतेम काही सेकंद मिळतात आणि मग सैनिक गोळ्या घालतात. तो बाप तेव्हा जिवंत असतो. बाधितांचे सिनेमे मला जास्त अस्वस्थ करतात ते यामुळे. तिथे मारला जाणारा प्रत्येक जण रुग्ण असतो आणि उद्या औषध सापडलं तर काय, हा प्रश्न प्रत्येक गोळीमागे उरतो.

दोन्हींची सरमिसळ केलेली उदाहरणंही आहेत. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘द वॉकिंग डेड’ या मालिकेत विषाणू सगळ्यांच्या अंगात आधीच असतो, पण जिवंतपणी तो काही करत नाही. माणूस कशानेही मेला की उठतो. विषाणू आहे म्हणून काही जण त्यांना बाधितांत टाकतात. मी टाकत नाही, उठतो तो मेलेलाच. ‘द लास्ट ऑफ अस’ या व्हिडिओ गेममधली आणि त्यावरच्या मालिकेतली बुरशी मात्र जिवंत माणसात वाढते. मुंग्यांचा ताबा घेणाऱ्या खऱ्या बुरशीवरून सुचलेली ही कल्पना आहे, त्यामुळे ती मंडळी बाधित.

आणि जिवंत शरीर म्हटलं की त्याच्या शक्यताही आल्या. २००७ च्या ‘ट्वेंटी एट वीक्स लेटर’मध्ये ॲलिसच्या रक्तात विषाणू असतो पण तिला लक्षणं नसतात. रोगवाहक ही गोष्टच मुळी जिवंत माणसांतली. २०२५ च्या ‘ट्वेंटी एट इयर्स लेटर’ने तर मेजर वेस्टचा हिशोबच मोडला. त्यातले बाधित उपाशी मरायचे थांबलेत, मिळेल ते खाऊन जगतात आणि एक बाधित बाई बाळाला जन्म देते. बाळाला रोगाची लागण नसते. मढ्यांच्या सिनेमात गोळी झाडणाऱ्याला सहसा अशा निरोगी बाळाचा विचार करावा लागत नाही. आणि आपल्या पन्हाळ्याच्या बेतालाही धक्का बसतो तो इथेच, कारण खालचे लोक जर खाऊन जगायला शिकले असतील, तर अंबरखाना भरून ठेवून वाट बघणं पुरणार नाही.