माळाला ‘पडीक’ कोणी ठरवलं?

माळरान वाचवण्याचा विषय वर्गात कसा न्यायचा, हे शिक्षकांना शिकवायला बसलं की पहिली अडचण एका महसुली शब्दाची येते: पडीक. शिक्षक स्वतः तोच शब्द शिकून मोठे झालेले असतात.

१८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी आणि प्रतवारी हाती घेतली. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. हिशेब सरळ होता, पिकेल त्यावर सारा. न पिकणारा तुकडा ‘पोटखराब’. सातबाऱ्यावर हा शब्द आजही दिसतो. त्याच तुकड्यावर धनगराची मेंढरं पोसली जातात, हे त्या रकान्यात मावत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरही नजर बदलली नाही. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं आणि ‘पडीक’वर उपाय ठरला झाडं लावण्याचा. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं होतं, पण उघड्या माळावर जगणाऱ्या या पक्ष्याच्या मुलखातही गिरिपुष्प या झाडाची लागवड झालीच. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा शाळाही त्यात होत्या. माळावर खड्डा खणणं म्हणजेच पर्यावरण, असं मुलांना वाटलं तर दोष त्यांचा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं आणि २००३ मध्ये अभ्यासक्रमाचं काम एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेकडे दिलं. विषय वेळापत्रकात आला, पण माझ्या मते भर राहिला कचरा, पाणी आणि वृक्षारोपणावर. गवत धड्याबाहेरच राहिलं.

खरं तर गवताइतकं स्वस्त शैक्षणिक साहित्य नाही. पायमोज्यात रुतलेलं कुसळ, म्हणजे गवताचं केसाळ शेपटीचं बी, काढून तळहातावर ठेवायचं, वर पाण्याचा थेंब सोडायचा. पिळलेला केस उलगडत गरगर फिरू लागतो. पावसात बी मातीत घुसतं ते याच फिरकीने. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं वेगळी ओळखायला मात्र गुरुजींपेक्षा मेंढपाळाचं पोर तयार असतं, तेव्हा प्रशिक्षणात एक सत्र त्याच्या आजोबांना द्यायला हरकत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. आणि विंगेटची मोजणी जिथून सुरू झाली त्याच इंदापुरात, कडबनवाडीच्या माळावर, आता वनविभाग लोकांना चिंकारे दाखवायला सफारी चालवतो.