कडक तपासणी म्हणजे चांगली शाळा?

सरकारी तपासणी कडक करा, शाळांना गुण द्या, निकालावर अनुदान ठरवा, की शाळा आपोआप सुधारतात, हा समज फार जुना आहे. तो बरोबर नाही.

इंग्लंडने हा प्रयोग 1862 मध्येच करून पाहिला. निरीक्षक शाळेत येऊन मुलांचे वाचन, लेखन, गणित तपासत आणि त्यावर अनुदान ठरे. झाले काय? शिक्षक वाचनाचे पुस्तक मुलांकडून घोकून घेऊ लागले. इतिहास-भूगोल मागे पडले. स्वतः निरीक्षक असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड यांनीच या पद्धतीवर टीका केली. 1890 च्या दशकात ती मोडीत निघाली. अमेरिकेत अटलांटामध्ये तर गुण वाढवण्यासाठी शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिकांतली उत्तरे बदलली. 2015 मध्ये 11 जण दोषी ठरले. आकड्यावर नोकरी टांगली की आकडाच सुधारतो, शिकणे नव्हे.

मग तपासणी नकोच? तसेही नाही. फिनलंडने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला निरीक्षण बंद केले, हे उदाहरण लोक फार उत्साहाने देतात. पण तिथे शिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते आणि निवडक विद्यार्थ्यांच्या नमुना चाचण्या होतातच. फक्त त्यातून शाळांची क्रमवारी लावत नाहीत.

गुणांमधून बरेचदा शाळेपेक्षा मुलांच्या घरची परिस्थितीच जास्त दिसते. म्हणून नुसत्या निकालापेक्षा, मूल आले तेव्हा कुठे होते आणि आता कुठे आहे, हे पाहणे अधिक न्याय्य. आणि निरीक्षक शेरा मारून निघून गेला, तर त्या शेऱ्याचा वर्गात उपयोग शून्य.