फोन टॅपिंगच्या ऑर्डरवर सही कोणाची? थोडी पार्श्वभूमी

दर काही महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. तीन निळ्या टिक दिसल्या म्हणजे सरकारने तुमचा मेसेज वाचला, दोन निळ्या आणि एक लाल म्हणजे आता कारवाई वगैरे. टिकचं सगळं बोगस आहे. खरं फोन टॅपिंग त्यापेक्षा कितीतरी कागदी प्रकरण आहे, अर्ज, फाइल, शेरा, सही असा अस्सल मंत्रालयी मामला, आणि गेल्या तीस वर्षांतला मुख्य वाद त्या एका सहीवरच अडलाय, ते मात्र स्पायवेअरच्या (फोनमध्ये गुपचूप घुसवलेल्या हेर सॉफ्टवेअरच्या) बातम्यांत कायम मागे पडतं.

जुनं थोडक्यात सांगतो. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात ब्रिटिशांनी तारा अडवायची पॉवर स्वतःकडे ठेवली, अट एवढीच की सार्वजनिक आणीबाणी हवी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न हवा. १९७२ मध्ये आपण त्यात देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी रोखणं अशी पाच कारणं जोडली, पण ऑर्डर कोण आणि कशी काढणार याचे नियम कोणी केलेच नाहीत. तोपर्यंत पाळत म्हणजे बहुतेकांसाठी दारात येणारा पोलीस. उत्तर प्रदेशात एकदा संशयित म्हणून वहीत नाव चढलं की रात्री-अपरात्री घरी येऊन चेक करायची पोलिसांना मुभा होती, ती १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काढून टाकली, पण त्याच निकालात बहुमताने असंही लिहिलं की प्रायव्हसी हा काही मूलभूत हक्क नाही. हे वाक्य पुढे पंचावन्न वर्षं सरकारी वकिलांच्या कामी आलं.

मुंबईची एक केस इथे सांगायलाच हवी. १९६४ सालचं प्रकरण, शहराच्या कॉरोनरवर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाच मागितल्याचा आरोप, आणि पोलिसांनी एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्याच फोनला टेपरेकॉर्डर जोडून बोलणं रेकॉर्ड केलं. सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये सांगितलं की निरपराध माणसाच्या फोनला कोर्ट संरक्षण देईलच, पण इथे डॉक्टरची परवानगी होती त्यामुळे कायदा मोडलेला नाही, आणि पुरावा चुकीच्या मार्गाने मिळवला असला तरी तेवढ्याने तो बाद होत नाही. शेवटचा भाग पोलिसांनी बरोबर लक्षात ठेवला. ऑर्डरमध्ये गडबड असली तरी रेकॉर्डिंग चालून जाईल, असा हिशोब आजही होतो.

मग १९८८ मध्ये टॅपिंगच्या वादात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. पुढच्या दोनतीन वर्षांत दिल्लीत राजकारण्यांचे फोन ऐकले जात असल्याचा ओरडा झाला, केंद्राच्या तपास यंत्रणेने चौकशी केली, त्या रिपोर्टमधला मजकूर छापून आला आणि त्यावरून एका नागरी हक्क संघटनेने १९९१ मध्ये याचिका टाकली. निकाल १८ डिसेंबर १९९६ चा.

या निकालाचं कौतुक खूप होतं, आणि थोडं बरोबरही आहे, कारण फोनवरचं खासगी बोलणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे पहिल्यांदा एवढं स्पष्ट आलं. पण याचिकाकर्त्यांची मागणी सरळ होती, टॅपिंगच्या आधी जजची परवानगी घ्या. कोर्टाचं म्हणणं असं की कायद्यातच तशी तरतूद नाही तर ती आम्ही कुठून आणू, आणि इंग्लंडच्या १९८५ च्या कायद्यातही जज नाही. मग मधला मार्ग काढला, ऑर्डर गृह सचिव काढेल, केंद्रात केंद्राचा आणि राज्यात राज्याचा, अगदी तातडी असेल तर ते काम दुसऱ्याकडे देता येईल, पण जॉइंट सेक्रेटरीच्या खालच्या माणसाकडे नाही, ऑर्डर दोन महिने चालेल, वाढवली तरी एकूण सहा महिने, आणि नंतर एक रिव्ह्यू कमिटी ती तपासेल. कमिटीत कोण, तर केंद्रात कॅबिनेट सचिव, कायदा सचिव आणि टेलिकॉम सचिव. म्हणजे मागणारे सरकारी, सही करणारे सरकारी आणि ती सही बरोबर होती का हे बघणारेही सरकारी, सगळे एकाच कॉरिडॉरमधले. मला वाटतं घोडं इथेच पेंड खातं. आणि ज्या इंग्लंडचा दाखला दिला तिथे तेव्हाही तक्रार घेऊन जायला ट्रिब्युनल होतं, शिवाय २०१६ मध्ये त्यांनी मंत्र्याच्या सहीवर न्यायिक कमिशनरची मंजुरी सक्तीची केली. आपण १९९६ लाच थांबलो.

बरं, ही सोय तात्पुरती होती, सरकार नियम करेपर्यंत. २००७ मध्ये टेलिग्राफ नियमांतल्या ४१९अ या नियमात जवळपास हीच रचना पक्की झाली. साठ दिवस, कमाल एकशे ऐंशी दिवस, कमिटीची बैठक दोन महिन्यांतून किमान एकदा. आता आकडा बघा. माहिती अधिकारात २०१३ मध्ये मिळालेल्या उत्तरानुसार एकटं केंद्र सरकार महिन्याला सरासरी ७५०० ते ९००० ऑर्डर काढत होतं, म्हणजे दर बैठकीत १५ ते १८ हजार ऑर्डर तपासायच्या, आणि डेटा संरक्षणासाठी सरकारनेच नेमलेल्या समितीने २०१८ च्या अहवालात हे काम अशक्यप्राय आहे असंच म्हटलंय. बैठक आठ तास सलग चालली असं धरलं तरी एका ऑर्डरला जेमतेम दोन सेकंद मिळतात, चहा सोडून.

महाराष्ट्राने तर स्वतःची वेगळी वाट आधीच काढली होती. १९९९ च्या मोक्कामध्ये टॅपिंगची स्वतंत्र कलमं आहेत, टेलिग्राफ हा केंद्राचा विषय म्हणून मुंबई हायकोर्टाने ती २००३ मध्ये उडवली, सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये परत आणली. तिथेही मंजुरी गृह खात्याच्या सचिवाची आणि रिव्ह्यू कमिटीचे अध्यक्ष मुख्य सचिव.

सचिव सही करतो म्हणजे नक्की काय बघतो, हे आपल्याकडच्या २०२१-२२ च्या प्रकरणात जरा जवळून दिसलं. आरोप असा होता की पोलिसांकडून गेलेल्या प्रस्तावात काही नंबर राजकीय नेत्यांचे होते पण समोर नावं भलतीच लिहिलेली आणि कारण म्हणून ड्रग्जचा धंदा. पुणे आणि कुलाब्यात गुन्हे दाखल झाले, सरकार बदललं, आणि २०२३ मध्ये हायकोर्टाने दोन्ही गुन्हे रद्द केले, त्यामुळे आरोप खरे होते असं म्हणता येत नाही. पण मुद्दा उरतोच. वर बसलेल्या अधिकाऱ्यापुढे दहा आकडी नंबर, एक नाव आणि दोन ओळींचं कारण एवढंच येत असेल तर तो नंबर खरंच कोणाचा हे त्याने ओळखायचं कसं? कोणत्याही पक्षाचं राज्य असो, ही फट तीच आहे. (सीडीआरला, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला त्या यादीला, तर गृह सचिवाची सहीसुद्धा लागत नाही, ते पोलीस पातळीवरच मागवतात, आणि २०१८ मध्ये ठाण्यात खासगी डिटेक्टिव्हना सीडीआर विकणारं रॅकेट सापडलंच होतं.)

इंटरनेटसाठी आयटी कायद्याचं कलम ६९ आणि २००९ चे नियम आहेत, ते आणखी सैल, तिथे आणीबाणी-सुरक्षिततेची अट गायब आणि कोणत्याही गुन्ह्याचा तपास हे कारण पुरेसं. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने ही पॉवर वापरू शकणाऱ्या दहा एजन्सींची यादी काढली तेव्हा मोठा गदारोळ झाला, पॉवर मात्र जुनीच होती.

२४ ऑगस्ट २०१७ चा नऊ जजांचा निकाल सगळ्यांना माहीत आहे, एकमताने प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरली आणि १९६२ चं ते वाक्य पुसलं गेलं. त्यानंतर वर्षभराने आधारच्या निकालात जे झालं ते फार कमी लोकांना आठवतं. राष्ट्रीय सुरक्षेसाठी जॉइंट सेक्रेटरीच्या आदेशावर आधारची माहिती देता येईल असं कलम होतं, कोर्टाने ते रद्द केलं आणि सुचवलं की अधिकारी त्याहून वरचा हवा आणि सोबत न्यायिक अधिकारी हवा, शक्यतो हायकोर्टाचा जज. २०१९ च्या दुरुस्तीत सरकारने काय केलं, तर जॉइंट सेक्रेटरी खोडून सेक्रेटरी लिहिलं. जज आलाच नाही.

२०२१ चं पेगॅसस या स्पायवेअरचं प्रकरणही असंच. कोर्टाने समिती नेमली, तिने २९ फोन तपासले, ५ मध्ये मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) मिळालं पण ते पेगॅससच असल्याचं सिद्ध झालं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीने सांगितल्याचं कोर्टातच आलं. मग २०२३ चा टेलिकॉम कायदा आला, १८८५ च्या कायद्याची जागा घ्यायला, आणि त्यातही सार्वजनिक आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता हेच शब्द, वर आपत्ती व्यवस्थापनाची भर. डिसेंबर २०२४ च्या टॅपिंग नियमांतही ऑर्डर सचिवाची आणि कमिटी सचिवांचीच.

ज्याचा फोन ऐकला त्याला हे कधी कळवायची तरतूद यात कुठेच नाही. त्यामुळे कोर्टात पोचतात ते फक्त ज्यांच्या चार्जशीटला ट्रान्स्क्रिप्ट जोडलेली असते ते. मुंबईच्या एका व्यावसायिकाचं तसंच झालं, सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप, २००९-१० च्या तीन टॅपिंग ऑर्डर, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिन्ही रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण लाचेच्या केसमध्ये आणीबाणी कुठली आणि सार्वजनिक सुरक्षितता कुठली. ही वाट सगळ्यांना पटलेली नाही. जून २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने मोठा भ्रष्टाचारही सार्वजनिक सुरक्षिततेत बसतो म्हणून टॅपिंग मान्य केलं, आणि आठवडाभरात मद्रास हायकोर्टाने लाचेच्याच केसमधली २०११ ची ऑर्डर रद्द केली, शिवाय मिळालेलं रेकॉर्डिंग रिव्ह्यू कमिटीपुढे ठेवलंच नव्हतं हेही नोंदवलं. सुप्रीम कोर्ट यावर एकदाचं काय ते सांगेपर्यंत त्याच कलमाचा अर्थ मुंबई-चेन्नईत एक आणि दिल्लीत दुसरा.