छाप्यातली सुटका आणि धंद्यातून बाहेर पडणं

सांगली-मिरजेकडे कुंटणखान्यावर छापा पडला की दुसऱ्या दिवशी ठरलेली बातमी येते: चार महिलांची सुटका, दोघांना अटक. खाली ओढणीनं तोंड झाकलेल्या बायकांचा फोटो. सहा महिन्यांनी त्यांतलीच एखादी पुन्हा त्याच गल्लीत दिसते, आणि मग कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागात, निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, कुठल्याही टपरीवर निकाल तयार असतो: 'त्यांनाच हवं असतं, सरकार तरी काय करणार?' हे वाक्य ऐकून ऐकून वीट आलाय. सुटका आणि बाहेर पडणं एकच समजणाराच असं बोलू शकतो.

सुटका सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, बोलीत 'पिटा'. पोलीस बाईला आणून मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात, चौकशी होते, आणि मॅजिस्ट्रेटला वाटलं तर तिला एक ते तीन वर्षं आधारगृहात ठेवता येतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर वादच नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो, तिच्या संमतीला किंमत नाही, छापा हवाच. कोंडून ठेवलेल्या बाईचंही तेच. मात्र सज्ञान बाईनं हा व्यवसाय करणं हा मुळात गुन्हा नाही. सार्वजनिक जागेजवळ धंदा करणं, गिऱ्हाईक बोलावणं, कुंटणखाना चालवणं हे गुन्हे आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींना आधारगृहातून सोडताना हे स्पष्ट केलं. सर्वोच्च न्यायालयानंही १९ मे २०२२ च्या आदेशात, आधारगृहात मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांची पाहणी करून त्यांना सोडण्याची कार्यवाही करा, असं राज्यांना सांगितलं.

दुसरा एक गोंधळ जाता जाता. देवदासी म्हणजे धंदेवाली, हे समीकरण चूक आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं मुत्तू (देवाला सोडल्याची खूण असलेली मण्यांची माळ) बांधलेल्या कितीतरी जणींनी जोगवा मागून, रोजगाराला जाऊन आयुष्य काढलं. पुण्या-मुंबईच्या वस्तीतल्या सगळ्याच बायका देवाला सोडलेल्या नसतात. कर्नाटकात १९८२ च्या कायद्यापासून मुत्तू बांधणं गुन्हा आहे. एवढं पुरे.

आता खरी मेख. छापा बाईला खोलीतून काढतो. ती ज्या हिशेबात अडकलेली असते त्याला तो हातही लावत नाही.

उचल म्हणजे काय हे आपल्या भागात शिकवावं लागत नाही. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम आगाऊ पैसे देतो आणि मग हंगामभर कोयता चालतो, तसंच हे. फरक एवढाच की इथं उचल बहुतेक वेळा तिच्या हातात येतच नाही. ती आईला, मामाला नाहीतर मधल्या दलालाला मिळते, आणि फेडायची तिनं. वही मालकिणीकडे. खोलीचं भाडं, जेवण, साडी, डॉक्टर, पोलिसांचा हप्ता, सगळं त्याच वहीत चढतं. समजा पन्नास हजारांची उचल आहे. वर्षभरानं किती उरली हे तिला विचारा, सांगता येणार नाही. छापा पडतो, मालकीण जामिनावर सुटते, आणि वकिलाची फीसुद्धा वहीत मांडली जाते. अशी बाई आधारगृहातून सुटून परत येते तेव्हा ती हौसेनं आलेली नसते. ती फेडायला आलेली असते.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही की कायद्याच्या दृष्टीनं हे कर्ज शून्य आहे. ज्या 'पिटा'खाली छापा पडतो, त्याच्याच सहाव्या कलमात लिहिलंय की बाईला अडकवण्यासाठी तिचे दागिने, कपडे, पैसे दाबून ठेवले तर तिला डांबून ठेवलं असंच धरलं जाईल. तिच्याकडून येणं आहे म्हणून कुणी दावा लावला तर तो चालणार नाही, हेही त्याच कलमात आहे. १८७२ च्या करार कायद्यात तर सरळ उदाहरणच दिलंय: मुलीला रखेल म्हणून भाड्यानं द्यायचा करार रद्दबातल, कारण तो अनैतिक. राणीच्या राज्यातलं हे वाक्य अजून लागू आहे. शिवाय १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा वेठीचं कर्ज बुडवतोच. छाप्याच्या पंचनाम्यात रोख रक्कम, मोबाइल, निरोधची पाकिटं सगळं लिहितात. हिशेबाची वही जप्त केली, असं मी अजून एकदाही वाचलेलं नाही. वसुली तर कोर्टात होतच नाही. ती होते भावाला एक फोन करून: 'पैसे देतोस, की गावात सांगू?'

मेखेचा दुसरा भाग घर. बातमीच्या शेवटी 'नातेवाइकांच्या ताब्यात दिले' असं असतं आणि वाचणाऱ्याला हायसं वाटतं. मला धडकी भरते. आपल्याकडे मुत्तू बांधलेली मुलगी बहुतेक वेळा घरात मुलाच्या जागी असते. मुलगा नाही, किंवा आहे पण कमावत नाही, म्हणून ती. आईबापांना सांभाळायचं, भावंडांची लग्नं करायची, घराचा स्लॅब टाकायचा, सगळं तिच्या पैशावर. देवदासी नसलेल्या कितीतरी जणींचंही हेच. तिला तिथं नेऊन सोडणं म्हणजे घरची मिळकत बंद करून त्याच घराच्या हवाली करणं. आठवड्यात चूल प्रश्न विचारते. हे कायदा करणाऱ्यांना कळत नव्हतं असंही नाही. 'पिटा'चं कलम १७-अ सांगतं की आईबाप किंवा पालकांच्या हाती देण्याआधी घरची चौकशी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी. पण छापा महाराष्ट्रात, घर कर्नाटकात. कागद मराठीत, चौकशी कन्नडात, आणि दोन्हीकडच्या कचेऱ्यांना वाटतं हे पलीकडचं काम. सीमावादावर तासभर भांडणारे आपण या फायलीवर एक मिनिट भांडत नाही.

रेशनकार्ड, जातीचा दाखला, देवदासींची पेन्शन, सगळं सीमेच्या अलीकडे, कर्नाटकात आहे. कर्नाटकात देवदासी पुनर्वसनाचे लाभ १९९३-९४ आणि २००७-०८ च्या सर्वेक्षणांच्या याद्यांना बांधले गेले. पाहणी करणारे गावात आले तेव्हा जी सांगलीत किंवा मुंबईत होती, तिचं नाव यादीत कसं येणार? म्हणजे जिला सगळ्यात आधी बाहेर काढायला हवं, तिच्याकडेच कागद सगळ्यात कमी.

यावरून धंदा बरा, असा अर्थ कुणी काढू नये. गिऱ्हाइकाची मारहाण, निरोध नाकारणाऱ्यापुढे चालणारी जबरदस्ती, एचआयव्ही, क्षयरोग, पुन्हा पुन्हा गर्भपात, रात्र निभावायला लागलेली दारू. माझं म्हणणं एवढंच की यातली प्रत्येक इजा दार आणखी लोटून घेते. आजारपणाला पैसे लागतात, म्हणजे उचल वाढते. एचआयव्हीच्या गोळ्या रोज न चुकता घ्यायच्या असतात. छाप्यात त्या खोलीवरच राहिल्या तर सुटकेनंच उपचार तुटतो. वय वाढलं की कमाई घटते, आणि मग काही जणी स्वतःच मालकीण होतात, कारण तेवढंच येतं. मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि आईच्या कमाईवर जगतोय, तर 'पिटा'च्या कलम ४ खाली तोही आरोपी होऊ शकतो. मुलाखातर पोलिसांची पायरी न चढणारी आई यामुळेच घडते.

शिलाई मशीनबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. महिलादिनाला स्टेजवर मशीन, हार, फोटो. ब्लाऊज शिवून रोजचं पोट भरायला गावात आधी तिच्याकडे शिवायला टाकणाऱ्या बायका लागतात, आणि त्याच बायका तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवत नाहीत.

बाहेर पडणं कसं दिसतं हे बघायला लांब जायला नको. घटप्रभेला 'मास' ही माजी देवदासींची स्वतःची संघटना नव्वदच्या दशकापासून आहे. गावोगाव त्यांचे संघ, बचत, आपल्यातूनच मिळणारं कर्ज, आणि कुठं मुत्तू बांधायची तयारी दिसली की त्याच बायका जाऊन अडवतात. सांगलीची 'व्हॅम्प' ही वेश्याव्यवसायातल्या बायकांची संघटना. धंदा संपवावा की नाही यावर या दोघींची मतं जुळणार नाहीत. मी स्वतः 'मास'च्या बाजूचा. पण 'व्हॅम्प'वाल्या छाप्यांबद्दल जी तक्रार करतात ती मला खरी वाटते: बाईला न विचारता तिचं भलं ठरवलं जातं.

तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल आणि तिला खरंच निघायचं असेल, तर आधी तालुका कोर्टातली विधी सेवा समिती गाठा, किंवा १५१०० ला फोन करा. बाईमाणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. पहिला अर्ज उचलीबद्दल करायला सांगा, दुसरा आधार आणि रेशनकार्डासाठी. मुलांची शाळा सीमेच्या कुठल्या बाजूला ठेवायची हे तिलाच ठरवू द्या. मशीनचं नंतर बघू.