विष मेंदूला चढत नाही

पावसाळ्यात आणि पुढे ऊसतोडीच्या हंगामात आपल्या भागातल्या पेपरात चार ओळींची एक बातमी ठरलेली असते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री साप चावला, पहाटे पोटात कळा आल्या, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. बातमी कधी वाळवा-शिराळ्याकडची असते, कधी कराड-पाटणची, कधी फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीतली. साप बहुतेक वेळा मण्यार. मग पारावर चर्चा होते आणि कुणीतरी म्हणतंच, "विष मेंदूला चढलं, मग कोण काय करणार!"

हे वाक्य मला फार खटकतं. ते चूक तर आहेच, शिवाय त्या समजुतीपायी जिवंत माणसाला मेलेला धरून प्रयत्न सोडले जातात. मण्यारीचं विष मेंदूत जात नाही. मज्जारज्जूत जात नाही. मज्जातंतूतून धावणारा संदेशही ते वाटेत अडवत नाही. ते जिथे काम करतं ती जागा एका मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाइतकी अरुंद आहे, आणि आपलं बोलणं, गिळणं, चालणं, श्वास घेणं, सगळं त्या जागेतून जातं.

आधी शाळेतली उजळणी, थोडक्यात. मेंदूचं वजन सुमारे 1.3 ते 1.4 किलो, त्यात साधारण 8600 कोटी न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी. मेंदूच्या खालच्या टोकापासून मज्जारज्जू सुरू होतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. मोठ्या माणसात त्याची लांबी सुमारे 45 सेंटिमीटर. मेंदूतून मज्जातंतूंच्या 12 जोड्या निघतात, मज्जारज्जूतून 31. यांतले काही तंतू बातमी आत आणतात (स्पर्श, चव, दुखणं), काही बाहेर स्नायूंकडे आदेश नेतात. आत येणारे आणि बाहेर जाणारे तंतू वेगळे असतात, एवढं ध्यानात ठेवा. पुढे मिरचीचा विषय निघेल तेव्हा उपयोगी पडेल.

आता समजा तुम्ही पायाचं बोट हलवायचं ठरवलं. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या पेशीचा संदेश मज्जारज्जूच्या खालच्या भागात येतो. तिथे दुसरा न्यूरॉन तो घेतो. या न्यूरॉनचा एकच तंतू कमरेपासून थेट पावलापर्यंत जातो, जवळजवळ मीटरभर लांब! शांत असताना या तंतूची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश आला की तंतूच्या आवरणातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, तेवढा भाग क्षणभर धन होतो, त्यामुळे शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. असा तो विद्युतस्पंद सेकंदाला 50 मीटरच्या आसपास वेगाने पुढे सरकतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पार.

आणि मग तंतू संपतो. स्नायू तिथून सुरू होतो, पण दोघे एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये सुमारे 50 नॅनोमीटरची फट असते आणि वीज ती ओलांडू शकत नाही.

कृष्णाकाठच्या माणसाला हे सांगणं सोपं आहे. रस्ता नदीपाशी येऊन थांबतो, पूल नसतो, पलीकडे जायचं तर नावेनंच. तंतूच्या टोकाशी अशा हजारो नावा तयार असतात: अतिसूक्ष्म पिशव्या, प्रत्येकीत ॲसिटिलकोलीन या रसायनाचे काही हजार रेणू. विद्युतस्पंद टोकाला पोचला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात. आत आलेल्या कॅल्शियममुळे डझनावारी पिशव्या तंतूच्या आवरणाला जाऊन मिळतात आणि आतलं ॲसिटिलकोलीन फटीत सांडतं. पलीकडे स्नायूवर त्यासाठीच घडलेली प्रथिनं असतात, त्यांना ग्राही म्हणतात. एका ग्राहीवर ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू बसले की त्याच्या मधोमध वाट उघडते, सोडियम स्नायूत शिरतं, स्नायूवर नवा विद्युतस्पंद उठतो आणि स्नायू आकसतो. फटीत उरलेलं ॲसिटिलकोलीन कोलीनेस्टरेज नावाचं विकर साधारण एका मिलिसेकंदात तोडून टाकतं. नाही तोडलं तर स्नायू फडफडतच राहील आणि शेवटी प्रतिसाद देणंच सोडून देईल. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांमध्ये फवारणाऱ्यांना ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांची विषबाधा होते, ती नेमकी याच विकराला निकामी करून. लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, अंगाचे स्नायू थरथरतात. फट तीच, बिघाड उलट.

वीज रसायनात बदलते आणि पलीकडे रसायन पुन्हा विजेत, हे निश्चित व्हायला बराच काळ गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणाचं विष, क्युरारे, बेडकाला दिलं. मज्जातंतूला विजेचा झटका दिला तर स्नायू ढिम्म. स्नायूलाच थेट झटका दिला तर मात्र तो आकसला. मज्जातंतू धड, स्नायूही धड, मग बिघाड दोघांच्या भेटीच्या जागी. 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाचा मज्जातंतू चेतवून त्याचे ठोके मंद केले आणि त्या हृदयाभोवतालचा द्राव दुसऱ्या हृदयावर घातला, दुसरंही मंदावलं. संदेश द्रावातून गेला होता. पुढे हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातापायांच्या स्नायूंपाशीही ॲसिटिलकोलीनच सुटतं हे दाखवलं. लोवी आणि डेल यांना 1936 चं नोबेल मिळालं.

या शोधात मण्यारीचाही वाटा आहे, आणि तो मला सगळ्यात आवडतो. तैवानमध्ये मण्यारीच्याच कुळातला एक साप आढळतो. चांग आणि ली या दोघा संशोधकांनी 1963 मध्ये त्याच्या विषातले घटक वेगवेगळे केले. त्यातलं अल्फा-बंगारोटॉक्सिन स्नायूवरच्या ग्राहीला इतकं घट्ट धरतं की सुटता सुटत नाही. शास्त्रज्ञांनी त्या पकडीचाच उपयोग केला आणि 1970 च्या सुमारास पेशीतल्या असंख्य प्रथिनांमधून तो ग्राही हुडकून बाजूला काढला. सापाचं विष नसतं तर हे काम किती लांबलं असतं कोण जाणे.

आता आपल्याकडची मण्यार. नागाच्या विषातले मज्जाघातक घटक पलीकडच्या काठाला जाऊन ग्राही अडवून बसतात. नावा येतात, पण उतारूंना पाय ठेवायला जागा नाही. मण्यारीच्या विषात असे घटक असतातच, शिवाय बीटा-बंगारोटॉक्सिन गटातली प्रथिनंही असतात. ती अलीकडच्या काठावर, तंतूच्या टोकात काम करतात: टोकाचं आवरण कुरतडतात, पिशव्या संपवतात, टोकच निकामी करतात. पलीकडचा घाट मोकळा असला तरी इकडे नाव उरत नाही.

म्हणून लक्षणं अशी दिसतात. आधी पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात. मग गिळता येत नाही, जीभ जड होते, मान धरवत नाही. शेवटी श्वासपटल, म्हणजे श्वास आत ओढणारा छातीखालचा स्नायू. मानेतून निघणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंतून त्याला आदेश येत असतात, आणि ते येतच राहतात. मेंदू "श्वास घे" म्हणत असतो, संदेश टोकापर्यंत पोचतो, फट मात्र ओलांडत नाही. हृदय चालू असतं, कारण ते आपली लय स्वतः निर्माण करतं; दर ठोक्याला त्याला मज्जातंतूचा आदेश लागत नाही, आणि त्याच्यावरचे ॲसिटिलकोलीनचे ग्राहीही वेगळ्या जातीचे असतात.

मेंदूकडे विष फिरकत नाही, कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की अशी मोठी प्रथिनं सहसा पलीकडे झिरपत नाहीत. तेव्हा श्वास मिळत असेल तर निपचित पडलेल्या, डोळे न उघडणाऱ्या त्या माणसाला बरेचदा सगळं ऐकू येत असतं. काही रुग्णांच्या बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देईनाशा होतात आणि बघणाऱ्याला वाटतं मेंदू गेला. मेंदू जातो तो श्वास थांबून प्राणवायू तुटल्यावर, काही मिनिटांत. श्वास कुणी देत राहिलं तर तो जात नाही.

आता मिरची. साप चावलेल्याला देवळात नेऊन मिरची किंवा कडुलिंबाचा पाला चावायला देतात. तिखट-कडू लागलं तर विष चढलं नाही, नाही लागलं तर चढलं. चव आणि जळजळ आत आणणारे तंतू वेगळे आणि त्यांच्या वाटेत ही फट येतच नाही. म्हणजे मण्यार चावलेल्याला मिरची तिखटच लागणार, आणि घरचे निर्धास्त होणार. त्याहून भयंकर म्हणजे त्याचं गिळणं तोवर बिघडलेलं असेल तर तो पाला श्वासनलिकेत जाईल. मांत्रिकाकडे जे बरे होतात त्यांना बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विषारी सापाने विष टोचलेलंच नसतं. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले होते. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले तो त्यांच्या खुनानंतर 2013 मध्ये झाला, आणि साप चावलेल्याला औषधोपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा ठरवलं आहे. हे कलम गावागावात मोठ्याने वाचून दाखवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

उपचारांचं तर्कशास्त्रही या फटीतूनच उमगतं. आपल्याकडचं प्रतिविष घोड्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून बनतं आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. ते रक्तात फिरणारं विष पकडतं, तंतूच्या टोकाचं झालेलं नुकसान भरून काढत नाही. म्हणून घाई. नागदंशात निओस्टिग्मिनचं इंजेक्शन कोलीनेस्टरेजला आवरतं, फटीत ॲसिटिलकोलीन वाढतं आणि अडवलेल्या ग्राहींवर काही रेणू तरी जागा मिळवतात. मण्यारीच्या दंशात त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण मुळात ॲसिटिलकोलीन सोडणारं टोकच गेलेलं असतं. तिथे व्हेंटिलेटर लागतो, आणि तो मिळेपर्यंत तोंडावर मास्क धरून हाताने दाबायचा फुगा. तंतूची टोकं पुन्हा फुटतात. त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात.

मण्यारीचे दात बारीक असतात. दंश फारसा दुखत नाही, सूज जवळजवळ येत नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. रात्री जमिनीवर झोपलेलं कुणी पहाटे पोटात कळ येते म्हणालं आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर साप दिसलेला नसला तरी 108 ला फोन करा आणि व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात न्या. आणि खाटेची सोय नसेल तिथे मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चहूबाजूंनी नीट खोचून झोपा.